दिवाणखान्यातला हिमालय

आमच्या लष्करच्या जुन्या वाड्यात, दिवाणखान्यातील बैठकीच्या वर, एका हिमनदीचे चित्र टांगलेले असे. पांढरे उतार, त्यांवर निळसर सावल्या, वर गडद आकाश. वडिलांनी ते ओळखीच्या एका ड्रॉइंग मास्तरांकडून, रशियन चित्रांच्या पुस्तकातील रंगीत छापावरून, तेलरंगांत करवून घेतले होते. कारखान्यातल्या लादीपलीकडे मास्तरांनी जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता. त्यामुळे त्यांच्या हिमालयाला ताज्या लोण्याची झाक आली आहे. खालच्या कोपऱ्यात मूळ चित्रकाराचे नाव मात्र त्यांनी प्रामाणिकपणे घातले : वेरेश्चागिन.

इतका निवांत देखावा काढणारा माणूस कोणी विरक्त, एकांतप्रिय पुरुष असावा, असे मला लहानपणी वाटे. पुढे त्याचे चरित्र वाचनात आले, आणि माझा अंदाज पार चुकल्याचे कळले.

वासिली वेरेश्चागिन १८४२ साली उत्तर रशियातील चेरेपोवेत्स येथे एका जमीनदाराच्या घरी जन्मला. आरमारी शाळेचे शिक्षण उत्तम तऱ्हेने पुरे करून त्याने ती वाट सोडली आणि घरच्यांच्या मनाविरुद्ध कुंचला हाती घेतला. पीटर्सबर्गची अकादमी, पॅरिसला जेरोमची शिकवणी, हे सारे यथासांग झाले. खरे शिक्षण झाले ते तुर्कस्तानच्या स्वारीत. १८६८ साली समरकंदच्या किल्ल्यात मूठभर रशियन शिबंदी वेढली गेली, तेव्हा या चित्रकाराने बंदूक उचलली आणि सेंट जॉर्जचा क्रूस मिळवला. पण परतल्यावर त्याने विजयाचे सोहळे रंगवले नाहीत. रंगवली ती उन्हात वाळलेल्या कवट्यांची रास, भोवती कावळे, मागे उजाड शहर. आणि १८७१चे ते चित्र जगातील झाडून साऱ्या दिग्विजयी वीरांना अर्पण केले! १८७४ साली पीटर्सबर्गला त्याचे प्रदर्शन भरले, तेव्हा सेनाधिकारी संतापले. वेरेश्चागिनने आपली तीन चित्रे आपल्याच हाताने जाळली. अकादमीने देऊ केलेली प्राध्यापकाची पदवीही त्याने नाकारली.

त्याच वर्षी तो पत्नीसह हिंदुस्थानात आला. रशियन म्हटल्यावर इंग्रजांना तो हेर वाटणे ओघानेच आले. १८७५च्या ऐन जानेवारीत हे दांपत्य सिक्कीमचे डोंगर चढले आणि थंडीने मरता मरता वाचले. इतके झाल्यावर दुसरा कोणी मैदानात उतरून स्वस्थ बसला असता. हा गृहस्थ काश्मीरवरून लडाखला निघाला. त्या वाटेवरचे हिमनदीचे चित्र आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आहे, आणि त्याचीच नक्कल आमच्याकडे. त्याने आग्र्याचा ताजही रंगवला. येणारे-जाणारे वडिलांना विचारीत, की तो का नाही करवून घेतला? आग्रा काय, सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखे, असे वडिलांचे उत्तर ठरलेले असे.

१८७७च्या तुर्की युद्धात डॅन्यूब नदीवर तो जबर जखमी झाला. धाकटा भाऊ सेर्गेई प्लेव्हना येथे पडला. त्यानंतर १८८४च्या सुमारास त्याने जे चित्र रंगवले, ते आपणा ग्वाल्हेरकरांस विशेष जवळचे वाटावे. तोफांची रांग, आणि प्रत्येक तोफेच्या तोंडाशी बांधलेला एकेक हिंदी माणूस. चित्राच्या मुळाशी पंजाबात १८७२ साली कूका शिखांना मालेरकोटला येथे दिलेली शिक्षा होती. पण पाहणाऱ्यांनी ते १८५७चेच मानले, आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी ज्या गावात आहे तेथल्या माणसाला दुसरे काय आठवणार? लंडनमध्ये त्यावर गहजब झाला. मूळ चित्राचा आज पत्ता नाही. आपण पाहतो ते छायाचित्रे आणि छाप.

हे वाचल्यावर हिमनदी उतरवून तोफांच्या चित्राची नक्कल लावावी, असा हट्ट मी वडिलांजवळ धरला होता. ते काही बोलले नाहीत. भिंतीवर हिमनदीच राहिली. आता वाटते, त्यांचे बरोबर होते. प्रिन्स ऑफ वेल्सच्या जयपूरच्या मिरवणुकीचे त्याचे भव्य चित्र कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. मला ते थोडे ताठर वाटते. हत्ती, झुली, सारे जागच्या जागी, पण जीव त्यात नाही. बर्फात आहे. तेथे त्याला कोणाला काही पटवून द्यायचे नव्हते, तरी एकही सावली त्याने सोडलेली नाही.

१९०४ साली रशिया-जपान युद्ध सुरू होताच हा एकसष्ट वर्षांचा माणूस पोर्ट आर्थरला गेला. एप्रिलमध्ये ॲडमिरल मकारोव्हची युद्धनौका पेत्रोपाव्लोव्स्क जपानी सुरुंगावर आदळून काही क्षणांत बुडाली. मकारोव्हबरोबर तोही गेला. अखेरपर्यंत त्याच्या हाती रेखाटनाची वही होती, असे वाचलेल्यांकडून पुढे कळले.

वाड्याच्या वाटणीत हे चित्र कोणीच मागितले नाही. नक्कलच ती, किंमत ती काय, असे सर्वांचे मत पडले. मी ते घरी आणले. चौकटीवाल्याने बर्फ घासून पांढरा करून देतो म्हटले. मी त्याला नुसती नवी काच बसवायला सांगितली.