एकट्या जोतिबांचं विरोधी मत

महात्मा जोतिबा फुले आपल्याला शाळा काढणारे म्हणून माहीत. पण १८२७ साली जन्मलेले हे जोतिबा शेतकरी होते, सरकारी कामांचे ठेकेही घेत. त्यामुळे पैसा कुठे मुरतो हे त्यांना चांगलं ठाऊक!

१८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेत सभासद होते, तेही सरकारनेच नेमलेले. व्हाइसरॉयच्या स्वागताला हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा एकट्या जोतिबांनी विरोधी मत दिलं. करदात्यांचा पैसा शिक्षणावर खर्चावा, हे त्यांचं म्हणणं. (आपल्या ग्रामसभेत खर्चाचा कागद किती जण वाचतात?) ठराव पास झालाच.

१८८३ ला त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. अडाणी कुणब्याला कचेरीत, कोर्टात कसकसं नागवतात, ते त्यात सविस्तर आहे. उपायही आहे: शेतकऱ्यांचीच पोरं शिकून सरकारी कामात यावीत.