कागलचा यशवंत

राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव घेतले की आपल्याला वेदोक्त प्रकरण, राखीव जागा आणि माणगावची परिषद आठवते. परीक्षेतही बहुधा तेवढेच विचारतात. या कर्तृत्वामागे असलेला आईवाचून वाढलेला आणि तालमीच्या मातीत रमलेला मुलगा मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. आई राधाबाई १८७७ मध्ये गेल्या, तेव्हा मुलाला तीन वर्षेही पुरी झाली नव्हती. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब हे कोल्हापूर संस्थानचे रीजंट होते. त्या वेळचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज, यांना वेड लागल्याचे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते आणि डिसेंबर १८८३ मध्ये तेथेच त्यांचा करुण अंत झाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले. नऊ वर्षांच्या मुलाचे नाव बदलले, घर बदलले, आणि ज्या गादीवर तो बसला तिचा आधीचा धनी कैदेत मेलेला! पुढे दोनच वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, आबासाहेबही वारले. दत्तक गेलेल्या मुलाला जन्मदात्यासाठी दरबारात मोकळेपणी रडता तरी आले असेल काय, असा विचार मनात येतो.

त्याच वर्षी धाकटे बंधू बापूसाहेब यांच्यासह त्यांची रवानगी राजकोटच्या राजकुमार कॉलेजात झाली. १८९० पासून धारवाडला फ्रेजर साहेबांच्या हाताखाली शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली.

दुःखाने माणूस मोठा होतो, असे निबंधात लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती फारशी पटत नाही. पोरकेपणाने पुष्कळ मुले खचतात, काही हट्टी होतात. ज्या पोरक्या मुलाच्या हाती राज्य आहे त्याच्याभोवती तर खुशमस्कऱ्यांचा गराडा पडायला वेळ लागत नाही. शाहूंच्या बाबतीत तसे झाले नाही, याचे बरेचसे श्रेय मी कुस्तीला, घोड्याला आणि शिकारीला देतो. राजाला चीत करायला कोण धजेल, अशी शंका कोणी काढील. ती अगदीच खोटी नाही. पण जोर-बैठका राजाच्या वतीने दुसऱ्याला काढता येत नाहीत आणि दम लागतो तो स्वतःलाच. शिवाय तालमीत माणसाची ओळख त्याच्या अंगमेहनतीवरून होते. तेथे शेतकऱ्याचा पोर दरबारी मानकऱ्यापेक्षा सरस ठरू शकतो, हे त्यांनी तरुण वयातच पाहिले. पुढे अस्पृश्य समाजातील माणसांना त्यांनी माहूत आणि कोचमन म्हणून नेमले. गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि तेथे जाऊन स्वतः चहा घेतला. हे करणारा राजा माणसांना जवळून ओळखणारा होता.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी ते विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी तसे मैदान असावे असे त्यांच्या मनाने घेतले. ते खासबाग मैदान १९१२ मध्ये पुरे झाले. मधोमध मातीचा हौद आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसते. सुमारे ३० हजार प्रेक्षक तेथे मावतात. याच विलायतेच्या दौऱ्यात असताना, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा हुकूम प्रसिद्ध झाला. मैदान आणि हुकूम हे दोन्ही एकाच प्रवासातले, याची नोंद चरित्रकार फारशी एकत्र करत नाहीत. मला मात्र ती दोन्ही एकाच माणसाची कामे वाटतात.

आणि पोरकेपणाचे काय झाले? त्याचे उत्तर कोल्हापूरच्या वसतिगृहांत शोधावे. मराठा विद्यार्थ्यांसाठी १९०१ मध्ये, मुसलमान विद्यार्थ्यांसाठी १९०६ मध्ये, तर अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग अशी एकेक वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. शाळा काढणारे राजे दुसरेही होते. शाळा सुटल्यावर हा मुलगा जेवणार कोठे, झोपणार कोठे, हा प्रश्न घरापासून तुटलेल्या मुलालाच आधी सुचतो.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहणारा, कुस्तीचा नाद असलेला एक विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला आणि परत आल्यावर अंघोळ करायला त्याने नकार दिला. त्यापायी त्याला बोर्डिंग सोडावे लागले, तेव्हा शाहूंनी त्याला आसरा दिला. हेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि याच संस्थेने १९७९ साली वाशीला त्यांच्या नावाचे महाविद्यालय काढले. शहरासाठी जमिनी दिलेल्या करावे आणि आसपासच्या गावांतील आगरी-कोळी घरांतली पहिली पदवीधर पिढी अशाच महाविद्यालयांतून शिकली. ही मुले संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर घाम गाळीत आणि सकाळी वर्गात बसत. कोल्हापूरच्या राजाशी आपले काय नाते, असे विचारणाऱ्यांसाठी एवढे पुरे आहे.

ज्या मर्दानी खेळांनी शाहूंना घडविले, त्यांनीच पुढे त्यांच्यावर मोठा घाव घातला. १९१८ च्या जूनमध्ये धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी घोड्यावरून रानडुकराची शिकार करीत असताना अपघात होऊन मरण पावले. आईबापांच्या मरणाने पोरका झालेला माणूस आता पुत्रशोकाने व्याकूळ झाला. शिवाजींच्या पत्नी इंदुमती तेव्हा अगदी अल्पवयीन होत्या. त्यांना वाड्याच्या चार भिंतींत कोंडून न ठेवता शाहूंनी सोनतळीला त्यांच्या शिक्षणाची सोय केली. लोकांनी नावे ठेवली, पण त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही.

१९२० साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मोफत बोर्डिंग सुरू झाले. त्याला प्रिन्स शिवाजींचे नाव देण्यात आले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या वयाला अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती आणि त्या बोर्डिंगात खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहत होती.