नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा त्या कोलमडल्या, पाच वर्षांनी मात्र स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या

१० फेब्रुवारी १८९५. चित्पावन ब्राह्मण घरात जन्मलेल्या एका मराठी कवीने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. हा कवी म्हणजे नारायण वामन टिळक, 'केवढे हे क्रौर्य' ही कविता लिहिणारे.

बातमी बायकोपर्यंत पोहोचली आणि तिचा संसारच मोडला. ती बायको म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची सोय नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा पाहिलीच नव्हती, लिहाय-वाचायला शिकवलं ते टिळकांनी.

आता त्यांच्यापुढे दोनच रस्ते होते. नवऱ्याकडे जावं तर जात जाणार, न जावं तर नवरा जिवंत असून जन्म एकटीने काढायचा. पदरात लहानगा दत्तू. लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर, पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. धर्म सोडायचा नाही हे पक्कं होतं, पण नवऱ्याची ओढही सुटत नव्हती.

काही वर्षांनी त्या मुलाला घेऊन अहमदनगरला आल्या. टिळक तिथे मिशनचं काम करत होते. पण आल्या म्हणजे लगेच ख्रिस्ती झाल्या असं नाही. सुरुवातीला त्यांचं बिऱ्हाड वेगळं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनीही बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही.

बदल सुरू झाला तो याच चुलीपाशी.

जात माणसानेच बनवलेली असली पाहिजे, हा विचार एक दिवस त्यांच्या मनात आला आणि पुढे सुटेना. देवाने माणसं वेगवेगळी बनवली असती तर जन्ममरण तरी वेगळं दिसलं असतं. ते तर सगळ्यांचं सारखंच. मग कुणाच्याही हातचं खायला-प्यायला हरकत कसली? त्यांनी ठरवलं आणि शिवाशिव सोडून दिली. ज्या घरात सगळं धुऊन घेतलं जायचं, त्या घरातल्या मुलीसाठी हे पाऊल किती मोठं होतं, याचा अंदाज आज येणं कठीण आहे.

लक्षात घ्या, तेव्हा त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. आधी वागणं बदललं, मग श्रद्धा रुजली आणि शेवटी १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर तब्बल पाच वर्षांनी.

बदल तिथेही थांबला नाही. दुष्काळात अनाथ झालेली मुलं टिळक घरी आणत, त्यांना जेवू घालायचं, वाढवायचं काम लक्ष्मीबाईंकडे. एकेकाळी कुणाचा स्पर्श न चालणाऱ्या बाईच्या घरात आता जात न विचारता पानं मांडली जात होती.

१९१९ मध्ये टिळक गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं होतं. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे साठहून जास्त अध्याय लिहून ते पूर्ण केलं.

मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्या आठवणी सांगू लागल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' तयार झालं. पहिला भाग १९३४ मध्ये आला आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचं निधन झालं. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत आजही त्याचं नाव घेतलं जातं.

या पुस्तकात आकाशातून प्रकाश पडल्याचा प्रसंग शोधत बसलात तर निराश व्हाल. तिथे आहे ती चूल, पाणी, रुसवे-फुगवे आणि स्वतःच्या जुन्या हट्टांवर मनमोकळं हसणारी एक म्हातारी बाई. पाच वर्षांपूर्वी जे जमत नव्हतं ते आज जमतंय का, आपण किती पुढे आलो हे ओळखायची लक्ष्मीबाईंची खूण एवढी साधी होती.