वारशाच्या मोबदल्यात ग्रंथ

हॅम्बुर्ग हे जर्मनीतील एक भरभराटीचे बंदर. तेथील एका धनाढ्य ज्यू पेढीवाल्याच्या घरी १३ जून १८६६ रोजी आबी वारबुर्ग यांचा जन्म झाला. आबी हा थोरला मुलगा; तेव्हा पुढे पेढी त्यानेच सांभाळावयाची, हे ठरलेलेच होते. परंतु त्याचे मन हिशेबाच्या वह्यांत रमेना. तेराव्या वर्षी त्याने मॅक्स या धाकट्या भावापुढे एक अजब सौदा मांडला. पेढीवरील थोरलेपणाचा हक्क मॅक्सने घ्यावा आणि त्याबदली आबीला हवी ती पुस्तके जन्मभर घेऊन द्यावी. मॅक्सला हा सौदा स्वस्त वाटला. तो किती महाग पडणार, हे त्यास पुढे कळले. पण दिलेला शब्द त्याने मोडला नाही.

मोठेपणी आबींनी कलेच्या इतिहासास वाहून घेतले. बॉत्तिचेल्ली या इटालियन चित्रकाराच्या दोन चित्रांवरील त्यांचा प्रबंध १८९३ साली प्रसिद्ध झाला. चित्र जाणावयाचे तर त्या काळचे काव्य, धर्म, ज्योतिष आणि उत्सवही जाणले पाहिजेत, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांच्या ग्रंथालयात एकाच प्रश्नावर प्रकाश टाकणारी निरनिराळ्या विषयांची पुस्तके शेजारी शेजारी नांदत. एक पुस्तक शोधू जावे, तो शेजारचे अधिक मोलाचे पुस्तक हाती लागावे, हा त्यामागील हेतू.

१९१८ साली आबींना मनाच्या आजाराने ग्रासले. १९२४ मध्ये ते बरे होऊन घरी परतले. मधल्या काळात फ्रिट्झ साक्स्ल या तरुण सहकाऱ्याने ते खाजगी ग्रंथालय अभ्यासकांस खुले करून त्याला संशोधनसंस्थेचे रूप दिले. कासिरर, पानोफ्स्की यांसारखे विद्वान तेथे येऊ लागले. १९२६ साली ग्रंथालयासाठी स्वतंत्र वास्तू उभी राहिली. २६ ऑक्टोबर १९२९ रोजी आबी निवर्तले.

१९३३ साली नाझींच्या हाती सत्ता आली आणि ज्यूंचा छळ सुरू झाला. ग्रंथही सुरक्षित राहिले नाहीत. तेव्हा साक्स्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी सुमारे ६०,००० ग्रंथ दोन बोटींतून लंडनला नेले. १९४४ मध्ये लंडन विद्यापीठाने या संस्थेचा अंगीकार केला. देशोदेशीचे तरुण अभ्यासक आजही तेथे अध्ययन करतात.

मॅक्सच्या वाट्याची पेढी १९३८ साली नाझींनी कुटुंबाच्या हातून काढून घेतली. आबींच्या वाट्याचे ग्रंथ मात्र अनेकांच्या हाती गेले, आणि म्हणूनच टिकले.