थॉमस स्टीफन्स
थॉमस स्टीफन्स (जन्म: इ.स. १५४९, विल्टशर, इंग्लंड; मृत्यू: इ.स. १६१९, गोवा) हे येशूसंघाचे धर्मगुरू, मराठी कवी आणि कोकणीचे आद्य व्याकरणकार होते. मराठी वाङ्मयात ते फादर स्टीफन्स या नावाने परिचित आहेत. बायबलमधील तारणाऱ्याच्या आगमनाचे वचन आणि त्या वचनाची पूर्ती हा विषय त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ या ओवीबद्ध ग्रंथातून मराठीत आणला.

प्रारंभिक जीवन

स्टीफन्स यांचा जन्म विल्टशर परगण्यातील बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राजवटीत इंग्लंडमधील कॅथलिकांवर कडक निर्बंध होते. अशा काळात स्टीफन्स रोमला गेले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. या प्रवासाचे वर्णन करणारे त्यांचे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

साष्टीतील कार्य

गोव्यात धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यानंतर स्टीफन्स यांचे बहुतेक आयुष्य साष्टी भागात, मडगाव व रायतूर (राचोल) परिसरात गेले. तो काळ संघर्षाचा होता. १५६७ मध्ये पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथील ग्रामस्थांच्या उठावात रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह येशूसंघाचे पाच जण मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळविण्याच्या कामात स्टीफन्स यांचा सहभाग होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांतील प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून ठार केले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदविले आहे.

ख्रिस्तपुराण

ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. देवनागरी खिळे पाडण्याची त्यांची इच्छा होती, परंतु ती सफल झाली नाही. ग्रंथाचे मूळ पोर्तुगीज शीर्षक तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन, अशा अर्थाचे आहे. ग्रंथाची रचनाही याच सूत्रावर उभी आहे. ३६ अवस्वरांच्या ‘पैले पुराणा’त जुन्या करारातील कथा येतात, तर ५९ अवस्वरांच्या ‘दुसरे पुराणा’त येशूचे चरित्र. एकूण ओव्या सुमारे ११,००० आहेत.

‘ख्रिस्त’ हा शब्द हिब्रू ‘मशीहा’ या शब्दाच्या ग्रीक भाषांतरातून आला असून त्याचा अर्थ ‘अभिषिक्त’ असा आहे. आदाम व हव्वा यांच्या पतनानंतर ईश्वराने दिलेले वचन, अब्राहामाला मिळालेला आशीर्वाद, दावीदाच्या वंशाविषयीचे अभिवचन आणि यशया, मीखा आदी संदेष्ट्यांची वाणी या सर्वांचा रोख येशूकडे आहे, अशी ख्रिस्ती धारणा आहे. ज्यू परंपरेला हा अन्वयार्थ मान्य नाही. तिच्या मते मशीहा अद्याप यावयाचा आहे. स्टीफन्स यांनी ख्रिस्ती धारणेनुसार पहिला भाग प्रतीक्षेचा आणि दुसरा पूर्तीचा, अशी मांडणी केली. पैले पुराण वगळले तर दुसऱ्या पुराणातील जन्मकथेला तिचा आधार राहत नाही.

ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण धर्मगुरूंना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात त्या काळातील साष्टीचे वास्तव उमटले आहे. श्रोत्यांची देवळे गेली होती, ग्रंथ गेले होते. पुराणश्रवणाची सवय मात्र उरली होती. स्टीफन्स हे ज्या सत्तेच्या आश्रयाने तेथे राहत होते, तिनेच ही पोकळी निर्माण केली होती. ती भरून काढताना त्यांनी ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवीचा आणि वैकुंठासारख्या परिचित शब्दांचा आधार घेतला. त्यामुळे पॅलेस्टाईनच्या भूमीत उगम पावलेली आशा साष्टीच्या श्रोत्यांना परकी वाटली नाही. ग्रंथातील मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्या आजही अभ्यासल्या जातात.

इतर ग्रंथ

स्टीफन्स यांची कोकणीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, तर कोकणीचे व्याकरण इतरांच्या भरीसह १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर रायतूर येथे छापले गेले.

वारसा

ख्रिस्तपुराणाच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. सतराव्या शतकातील एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हस्तलिखितांच्या आधारे ग्रंथाचे वाचन होत राहिले आणि मंगळूरच्या कॅथलिक समाजाने ती परंपरा जपली. तेथेच १९०७ मध्ये जोसेफ साल्ढाणा यांनी रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. लंडन येथील मार्सडेन संग्रहात ग्रंथाचे देवनागरी हस्तलिखितही आढळले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली आणि पहिल्या छपाईनंतर ३४० वर्षांनी हे पुराण मराठी वाचकांना त्यांच्या लिपीत छापील स्वरूपात मिळाले.