अलेक्झांडर फ्लेमिंग: सर्दीच्या जंतूंपासून पेनिसिलिनपर्यंत

धाराशिव जिल्ह्यातील येडशीसारखे गाव असो की पुणे-मुंबईसारखे शहर, मुलाला सर्दी झाली, कान ठणकू लागला की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: अँटिबायोटिक द्यावे लागेल का? हा प्रश्न समजून घ्यायला अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे आयुष्य फार उपयोगी पडते. पेनिसिलिनचे संशोधक म्हणून ते शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना माहीत आहेत. पण त्यांच्या संशोधनाचा मोठा भाग सर्दी, घसा आणि छातीच्या जंतूंशी संबंधित होता, हे फारसे सांगितले जात नाही.

शेतकऱ्याचा मुलगा

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधील डार्वेल गावाजवळच्या एका शेतावर झाला. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. तेराव्या वर्षी ते लंडनला भावाकडे आले आणि पुढे चार वर्षे एका जहाज कंपनीत कारकून होते. काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले, तेव्हा कुठे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. सेंट मेरीज रुग्णालयाच्या महाविद्यालयातून ते १९०६ मध्ये डॉक्टर झाले आणि तिथेच अल्म्रोथ राइट यांच्या लस विभागात कामाला लागले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात त्यांनी जखमा सडून मरणारे सैनिक पाहिले. खोल जखमेत ओतलेली जंतुनाशके जंतूंपेक्षा शरीराच्या पेशींनाच जास्त मारतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवले. जंतूला मारेल पण रुग्णाला इजा करणार नाही, असे औषध हवे होते.

स्वतःच्या सर्दीवर प्रयोग

१९२१ मध्ये फ्लेमिंग यांना सर्दी झाली. त्यांनी आपल्याच नाकातील शेंबूड जंतू वाढवण्याच्या काचेच्या बशीत घातला. तिथे वाढलेले एका जातीचे जंतू या स्रावामुळे विरघळून जात असल्याचे त्यांना दिसले. स्रावातील त्या घटकाला लायसोझाइम हे नाव मिळाले. अश्रू, लाळ आणि आईच्या दुधातही तो असतो. गंभीर आजार करणाऱ्या बहुतेक जंतूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून त्याचे औषध झाले नाही. पण शरीराकडे स्वतःची संरक्षण व्यवस्था असते, हे त्यातून ठळकपणे दिसले. मुलांची बहुतेक सर्दी औषधाविना बरी होते, ती अशा अनेक संरक्षणांच्या एकत्रित कामामुळे.

बुरशी आणि एक हट्टी जंतू

सप्टेंबर १९२८ मध्ये सुट्टीवरून परतल्यावर एका बशीत बुरशी आल्याचे त्यांनी पाहिले. बुरशीभोवतीचे स्टॅफिलोकोकस जंतू नष्ट झाले होते. बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन म्हटले. हा रस घसा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकसला, न्यूमोनिया आणि कानाचा संसर्ग करणाऱ्या न्यूमोकोकसला आणि घटसर्पाच्या जंतूलाही रोखत होता. मात्र काही जंतूंवर त्याचा परिणाम होत नव्हता. त्यांपैकी एक म्हणजे आज ज्याला हिमोफिलस इन्फ्लुएंझा म्हणतात तो.

१९१८ च्या जागतिक फ्लूच्या साथीत, म्हणजे आपल्याकडे मानमोडी म्हणून आठवल्या जाणाऱ्या साथीत, हाच जंतू फ्लूचे कारण असावा असे अनेक डॉक्टरांना वाटत होते. फ्लू विषाणूमुळे होतो हे १९३३ मध्ये स्पष्ट झाले. तोपर्यंत या जंतूची लस बनवण्याची धडपड चालू होती. लसीसाठी तो इतर जंतूंपासून वेगळा काढावा लागे. पेनिसिलिनने बाकीचे जंतू मारले की तो आपोआप शिल्लक राही. १९२९ च्या फ्लेमिंग यांच्या प्रसिद्ध शोधनिबंधाच्या शीर्षकातही पेनिसिलिनच्या या उपयोगाचा उल्लेख आहे.

हिमोफिलस आणि न्यूमोकोकस हे आजही मुलांच्या मधल्या कानाच्या संसर्गाचे दोन प्रमुख जंतू आहेत. एक अँटिबायोटिक सर्व जंतूंवर चालत नाही, हा धडा पेनिसिलिनच्या पहिल्याच निबंधात होता. पुढे पेनिसिलिनच्याच कुटुंबातील अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन ही औषधे आली आणि ती हिमोफिलसवरही काम करू लागली. नंतर याच जंतूच्या काही प्रकारांनी त्यांनाही दाद देणे सोडले.

औषध हाती आले

फ्लेमिंग यांना पेनिसिलिन शुद्ध करता आले नाही. ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये गंभीर संसर्ग झालेल्या एका पोलिसाला ते देण्यात आले. तो सुधारू लागला, पण औषध संपले आणि तो दगावला. त्यानंतर कमी मात्रा पुरते म्हणून आजारी मुलांवर उपचार करण्यात आले. १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या वेळच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक उदाहरण दिले. घसा दुखणारा एक माणूस स्वतःच औषध आणून अपुरे घेतो. त्याचे जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि तिच्यावर पेनिसिलिन निकामी ठरते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा त्यांचा प्रश्न होता.

११ मार्च १९५५ रोजी लंडनमध्ये फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. त्याच्या उभारणीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती.

पालकांसाठी यातून काय?

- साधी सर्दी, वाहणारे नाक, किरकोळ खोकला हे बहुधा विषाणूंमुळे होते. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.
- कानदुखीचे प्रत्येक मूल अँटिबायोटिकनेच बरे होते असे नाही. मोठ्या मुलात दुखणे सौम्य असेल तर डॉक्टर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहू शकतात. मात्र सहा महिन्यांखालील बाळ, जास्त ताप, दोन्ही कान दुखणे किंवा कानातून पू येणे यात लवकर तपासणी हवी. कानात तेल किंवा कुठलाही रस घालू नये.
- अँटिबायोटिक दिले असेल तर सांगितलेली मात्रा, सांगितलेल्या वेळा आणि सांगितलेले दिवस पाळावेत. उरलेले सिरप पुढच्या आजारासाठी ठेवू नये आणि दुसऱ्या मुलाला देऊ नये.
- मूल शांत असताना मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त श्वास ही न्यूमोनियाची शक्यता सांगणारी खूण आहे. छाती आत ओढली जाणे, दूध न पिणे, सुस्त पडणे, झटके येणे, ओठ निळसर होणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी उशीर न करता रुग्णालयात न्यावे. इथे अँटिबायोटिक जीव वाचवते.
- हिमोफिलसच्या सर्वांत धोकादायक 'बी' प्रकाराविरुद्धची लस पेंटाव्हॅलंट लसीत असते. न्यूमोकोकसविरुद्ध पीसीव्ही ही लस आहे. सरकारी लसीकरणात दोन्ही मोफत मिळतात. बाळाचे कार्ड तपासून राहिलेला डोस आशाताई किंवा आरोग्य केंद्राकडे विचारून पूर्ण करावा.

ज्या जंतूपुढे फ्लेमिंग यांचे पेनिसिलिन चालले नाही, त्याच्या सर्वांत घातक प्रकाराला आज लस बऱ्याच अंशी रोखते. औषध मात्र आपण जपून वापरले तरच पुढच्या पिढीलाही उपयोगी पडेल.