मांजरीला मोठं भोक, पिल्लाला छोटं भोक: न्यूटनचा हा किस्सा खरा की थापा?

हा किस्सा तुम्ही नक्की ऐकलेला असणार. शाळेत सरांनी सांगितला असेल, नाहीतर फॅमिली ग्रुपवर काकांनी गुड मॉर्निंगच्या फोटोसोबत टाकला असेल.

किस्सा असा. सर आयझॅक न्यूटन खोलीत अंधार करून प्रकाशाचे प्रयोग करत बसायचे. त्यांची मांजर सारखी दार ओरबाडायची. दार उघडलं की उजेड आत, प्रयोग पाण्यात. मग न्यूटननी सुताराला बोलावून दाराला खाली एक भोक पाडून घेतलं. मांजर खुश, न्यूटनही खुश. काही दिवसांनी मांजर व्याली. न्यूटननी पुन्हा सुताराला बोलावलं आणि शेजारीच पिल्लासाठी एक छोटं भोक पाडायला सांगितलं. सुतार डोकं खाजवत बघतच राहिला.

तात्पर्य म्हणून पुढे काहीतरी असतंच, की एवढा मोठा शास्त्रज्ञ पण साधी गोष्ट सुचली नाही वगैरे. आपण हसतो आणि फॉरवर्ड करतो. वर काही जण आणखी एक पुडी सोडतात, की दाराला बसवतात तो कॅट फ्लॅप न्यूटननेच शोधला.

यातलं खरं किती? ते कळायला आधी माणूस कळायला हवा.

जुन्या इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ ला इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या वूल्सथॉर्प नावाच्या खेड्यात न्यूटनचा जन्म झाला. आजच्या कॅलेंडरने ती तारीख ४ जानेवारी १६४३ येते. वडील शेतकरी होते, ते मुलगा जन्मायच्या तीन महिने आधीच गेले. पोर दिवस भरायच्या आधी झालेलं, इतकं किरकोळ की जगेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

ते जगलं. पण तीन वर्षांचा असताना आईने दुसरं लग्न केलं. नवरा शेजारच्या गावचा पाद्री, वयाने बराच मोठा. त्याच्या घरात आयझॅकला जागा नव्हती. आई निघून गेली आणि पोरगं आजीकडे राहिलं. सावत्र बाप वारल्यावर, म्हणजे आयझॅक दहा वर्षांचा झाल्यावर, आई परत आली, ती तीन सावत्र भावंडं घेऊन.

हा घाव किती खोल होता ते त्याच्याच हातच्या एका यादीतून कळतं. १६६२ साली, एकोणीस वर्षांचा असताना, त्याने एका वहीत स्वतःची पापं लिहून काढली. कुणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक लघुलिपीत. त्यात आई आणि सावत्र बापाला घरासकट जाळून टाकायची धमकी दिल्याचं पाप आहे. आणि त्याच यादीत, देवाच्या वारी, म्हणजे रविवारी, उंदराचा सापळा बनवल्याचंही पाप आहे. पोरगं दोन्ही गोष्टी सारख्याच प्रामाणिकपणे नोंदवतं.

हाताने वस्तू बनवायचा नाद त्याला लहानपणापासून होता. ग्रँथमला शाळेसाठी एका औषधविक्याच्या घरी राहायचा, तिथे खोली हातोड्या आणि करवतींनी भरलेली. गावाजवळ पवनचक्की उभी राहत होती, ती बघून याने तिची छोटी प्रतिकृती केली. वारा नसेल तेव्हा ती फिरवायला एक उंदीर ठेवला आणि त्याला चक्कीवाला म्हणायचा. पाण्यावर चालणारं घड्याळ केलं. भिंतींवर सावलीची घड्याळं कोरली. रात्री पतंगाला कागदी कंदील बांधून सोडला, गाववाले घाबरले.

हे मुद्दाम सांगतोय. कारण ज्या माणसाला भोकाचा आकार कळत नाही असा तो किस्सा म्हणतो, तो माणूस लाकूडकामात पक्का होता. त्याला दाराला भोक पाडायला सुतार लागलाच नसता.

आईला मात्र त्याला शेतकरी करायचं होतं. शाळेतून काढून मेंढरं राखायला पाठवलं. हा झाडाखाली पुस्तक घेऊन बसायचा, मेंढरं लोकांच्या पिकात. दंड भरावा लागल्याच्या नोंदी गावच्या दप्तरात आहेत. एकदा म्हणे घोड्याला हाताने धरून चढ चढत होता, घोडा लगामातून निसटून गेला तरी याला पत्ता नाही, नुसता लगाम ओढत वर पोचला. शेवटी मामा आणि शाळामास्तरांनी आईला समजावलं आणि १६६१ ला तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला.

तोही नोकर-विद्यार्थी म्हणून. आई तशी खाऊनपिऊन सुखी होती, पण हात आखडता. फी कमी व्हावी म्हणून श्रीमंत विद्यार्थ्यांची पडेल ती कामं करायची, असा तो प्रकार. तिथे त्याला एकच धड मित्र मिळाला, जॉन विकिन्स. दोघेही आपापल्या खोलीतल्या भिडूंना कंटाळून एकटे फिरत होते, तेव्हा ओळख झाली. पुढे जवळपास वीस वर्षं ते खोलीत एकत्र राहिले.

१६६५ ला प्लेग आला, विद्यापीठ बंद झालं, न्यूटन गावी परतला. लॉकडाऊनमध्ये न्यूटनने काय केलं आणि आपण काय केलं हे मीम आपण सगळ्यांनी २०२० ला बघून झालंय, त्यामुळे लांबवत नाही. कॅल्क्युलस, गुरुत्वाकर्षण आणि प्रकाश या तिन्हीची बीजं त्या काळातली.

आपल्या किस्स्यासाठी यातला प्रकाश महत्त्वाचा. कारण भोकं खरंच होती. फक्त दाराला नव्हती.

न्यूटनने काचेचा लोलक आणला. खोलीत अंधार केला. खिडकीच्या लाकडी झडपेला पाव इंचाचं भोक पाडलं. त्यातून आलेली उन्हाची तिरीप लोलकातून जाऊन २२ फूट लांबच्या भिंतीवर पडली. रंग दिसणार हे त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. त्याला खटकला तो आकार. गोल भोकातून आलेला उजेड भिंतीवर गोल पडायला हवा, हा तर लांबट पडला. मोजलं तर लांबी सव्वातेरा इंच आणि रुंदी फक्त दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच. लांबी रुंदीच्या पाचपट!

तेव्हाचे विद्वान म्हणायचे की पांढरा उजेड शुद्ध असतो, काच त्याला गढूळ करते म्हणून रंग दिसतात. हे तपासायला न्यूटनने दोन फळ्या घेतल्या. एक लोलकाच्या मागे, दुसरी १२ फुटांवर. दोन्हींना एकेक बारीक भोक. पहिल्या भोकातून रंगांचा पट्टा पुढे जायचा आणि दुसऱ्या भोकातून त्यातला एकच रंग निवडून घेता यायचा. तो रंग दुसऱ्या लोलकावर सोडला. काच जर रंग तयार करत असेल तर इथे पुन्हा नवे रंग निघायला हवेत. निघाले नाहीत. लाल तो लालच राहिला आणि कमी वळला. निळा निळाच राहिला आणि जास्त वळला. म्हणजे रंग काचेने तयार केले नव्हते, ते पांढऱ्या उजेडातच होते.

दोन भोकं, एकामागे एक, आणि शेकडो वर्षांची समजूत गेली. गंमत बघा, लोकांच्या लक्षात राहिली ती मांजरीची दोन भोकं.

१६६९ ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो गणिताचा लुकासियन प्राध्यापक झाला. १६७२ ला प्रकाशाचा निबंध छापला गेला आणि रॉबर्ट हूकने त्यावर टीका केली. न्यूटनला टीका झेपायची नाही. भांडण, पत्रं, पुन्हा भांडण, आणि मग गडी कोषात गेला. इकडे रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या १६७४ च्या आसपास न्यूटन केंब्रिजच्या खोलीत भट्टी पेटवून किमया आणि बायबल यांत बुडालेला होता.

१६८४ ला एडमंड हॅली येऊन त्याला ग्रहांच्या कक्षेबद्दल विचारतो आणि त्यातून १६८७ ला 'प्रिन्सिपिया' छापून येतं, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. रॉयल सोसायटीने आधीच माशांवरच्या एका ग्रंथावर पैसे घालवले होते, त्यामुळे छपाईचा खर्च हॅलीने खिशातून केला, हे कमी जणांना माहीत असतं.

आपल्याला त्या काळातला दुसराच माणूस हवाय. त्याचं नाव हंफ्री न्यूटन. आडनाव तेच, पण नात्यातला नव्हे. विकिन्स सोडून गेल्यावर साधारण पाच वर्षं हा लेखनिक म्हणून खोलीत होता आणि 'प्रिन्सिपिया'ची छापायची प्रत त्यानेच लिहून काढली. न्यूटन गेल्यावर त्याने आठवणी लिहून दिल्या. त्यात म्हणतो, की पाच वर्षांत साहेबांना हसताना एकदाच पाहिलं. जेवायचं भान नसायचं. ताट तसंच पडून राहायचं.

आणि त्याच आठवणीत तो स्पष्ट सांगतो की साहेबांनी खोलीत ना कुत्रा पाळला ना मांजर. त्याचा फायदा व्हायचा तो खोली आवरायला येणाऱ्या म्हातारीला. सकाळी यावं तर कधी दोन्ही वेळचं जेवण जेमतेम चाखलेलं. म्हातारी खुशीत ते घरी घेऊन जायची.

मग मांजर आली कुठून? न्यूटनच्या घरच्यांकडून आलेल्या आठवणींमध्ये उलटा उल्लेख आहे. त्याने ताटात टाकलेलं अन्न खाऊन त्याची मांजर चांगली गुटगुटीत झाली होती, असं त्यात येतं. हंफ्री पाच वर्षांबद्दल बोलतोय आणि न्यूटन केंब्रिजमध्ये पस्तीस वर्षं होता, तेव्हा हंफ्रीच्या आधी एखादी मांजर असेलही. माझं मत विचाराल तर मांजरीपेक्षा ते न खाल्लेलं ताट जास्त भरवशाचं. ते दोन्ही बाजूंच्या साक्षीत आहे.

दाराच्या भोकांची गोष्ट छापील स्वरूपात ठळकपणे दिसते ती १८२७ साली, म्हणजे न्यूटन जाऊन बरोबर शंभर वर्षं झाल्यावर. जे. एम. एफ. राइट नावाच्या ट्रिनिटीच्या माजी विद्यार्थ्याने कॉलेजच्या आठवणींत ती लिहिली. गोष्ट खरी की खोटी याची खात्री तोही देत नाही, पण दाराला मांजर आणि पिल्लू जाईल अशा मापाची दोन बुजवलेली भोकं आजही आहेत, असं नोंदवतो. आता शंभर वर्षांत त्या खोलीत किती विद्यार्थी राहून गेले असतील. भोकं कुणाची, हे भोकांवरून ठरत नाही.

आणि शोध लावल्याची पुडी तर सोडूनच द्या. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या गोष्टीत मांजर ये-जा करते त्या दाराच्या भोकाचा उल्लेख आहे. एक्झेटरच्या कॅथीड्रलमध्ये खगोलीय घड्याळाच्या खालच्या दाराला मांजरीसाठी गोल भोक आहे. १५९८ च्या सुमारास सुतारांना त्याचे आठ पेन्स दिल्याची नोंद सापडते. घड्याळाच्या दोऱ्यांना चरबी लावलेली असायची, ती खायला उंदीर यायचे, म्हणून मांजर आत जायला हवी होती. न्यूटनचा जन्म त्यानंतरचा.

एक गोष्ट मात्र किस्सा सांगणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आज कुणी घरी कॅट फ्लॅप बसवतो तेव्हा आधी मांजरीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची मोजतो. भोकाची खालची कड त्या उंचीला ठेवायची, मग पुठ्ठ्याचा साचा दारावर चिकटवून, कोपऱ्यांत ड्रिल मारून करवतीने कापायचं आणि दोन्ही बाजूंनी चौकट आवळायची. झडप वाऱ्याने फडफडू नये म्हणून चुंबक असतं, काहींत मांजरीच्या कातडीखालची चिप वाचूनच कुलूप उघडतं. पण मुद्दा उंचीचा. मोठ्या मांजरीच्या मापाने पाडलेलं भोक महिन्याभराच्या पिल्लाला चढायला उंच पडतं. त्याच्यासाठी खाली पायरी ठेवावी लागते, नाहीतर खरंच खाली दुसरं छोटं भोक. म्हणजे ज्यावर इतकी वर्षं हसणं चाललंय ते इतकंही बावळट नाही.

उरलेलं आयुष्य थोडक्यात. १६९३ ला न्यूटनचं मानसिक संतुलन काही काळ ढळलं, झोप उडाली, मित्रांना विचित्र पत्रं गेली. १६९६ ला तो लंडनच्या टांकसाळीत अधिकारी झाला आणि तिथे वेगळाच माणूस दिसला. खोटी नाणी पाडणाऱ्यांच्या मागे हात धुवून लागला, साक्षीदार गोळा केले, विल्यम चॅलोनर नावाच्या बड्या भामट्याला १६९९ ला फासावर पोचवलं. १७०३ ला रॉयल सोसायटीचा अध्यक्ष, १७०५ ला सर. लाइब्निझशी कॅल्क्युलसवरून भांडण मात्र शेवटपर्यंत. १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात त्यानेही पैसे घालवले. लग्न केलं नाही. लंडनचं घर भाची कॅथरीनने सांभाळलं. सफरचंदाची गोष्ट व्हॉल्तेअरने जगभर पोचवली, ती या भाचीकडूनच आली होती.

त्या वूल्सथॉर्पच्या सफरचंदाच्या झाडाचं कलम पुण्याच्या 'आयुका'तही लावलं होतं. केंब्रिजला शिकलेल्या जयंत नारळीकरांच्या संस्थेत ते असणं साहजिकच. पुण्याची हवा त्याला मानवली नाही.

मार्च १७२७ मध्ये न्यूटन गेला, वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरला गेला. ती पापांची लघुलिपीतली वही आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे. त्यात मांजरीची गोष्ट नाही. रविवारी बनवलेला उंदराचा सापळा मात्र आहे.